गाडी काढली, गळ घेतला, पण मासा कुठला? हिंगोलीतले पाच गैरसमज

अलास्काच्या नद्यांतली सॅमनची मासेमारी मोबाइलवर पाहिली की उन्हाळ्याच्या सुट्टीत आपणही गळ घेऊन निघावं, असं वाटतंच. हिंगोली जिल्ह्यात पाणी आहे, मासेही आहेत. फक्त बेत इथल्या पाण्याचं गणित पाहून आखायला हवा.

गैरसमज १ : बीज सोडलं तर सॅमन आपल्या धरणातही वाढेल.
वस्तुस्थिती : सॅमन थंड पाण्याचा मासा. पाणी २० अंशांवर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्याच्याच कुळातला ट्राउट भारतात रुजला, तो काश्मीर, हिमाचल, निलगिरीच्या गारव्यात. बाजारातला रावस तर समुद्र-खाडीतला, अगदी वेगळ्या कुळाचा. इथे गळाला लागतात ते रोहू, कटला, मृगळ, मरळ.

गैरसमज २ : कुठल्याही नदीकाठी बसलं की झालं.
वस्तुस्थिती : कयाधूचं पात्र उन्हाळ्यात बहुतेक कोरडं असतं. पाणी टिकतं ते धरणांत : पूर्णेवर औंढा तालुक्यातलं सिद्धेश्वर, त्याच्या वरच्या अंगाला परभणी जिल्ह्यातलं येलदरी आणि पैनगंगेवरचं इसापूर. हिंगोलीहून औंढा पंचवीसेक किलोमीटर. नागनाथाचं दर्शन आणि सिद्धेश्वर एकाच दिवसात होतं.

गैरसमज ३ : धरणातले मासे कुणाच्याच मालकीचे नसतात.
वस्तुस्थिती : मोठ्या जलाशयांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. मत्स्यबीज विकत आणून सोडणारी तीच. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बीज तयार करावं लागतं. तेव्हा गळ टाकण्याआधी संस्थेला विचारा. इसापूरला पक्षी अभयारण्यही आहे. तिथे वनविभागाची परवानगी आधी.

गैरसमज ४ : पाणी आटलंय, दुपारीही भरपूर मासे लागतील.
वस्तुस्थिती : पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वरचा थर तापला की मासे सावलीकडे, खोलाकडे सरकतात. गळासाठी पहाट आणि दिवेलागणीची वेळ बरी. उघड्या पडलेल्या गाळावरून मात्र चालू नका : वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो; आत पाय रुततो.

गैरसमज ५ : मजा खरी चढणीच्या माशांची, तेव्हा सहल मृगापर्यंत लांबवावी.
वस्तुस्थिती : पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे अंडी घालायला निघालेले असतात. तेव्हा धरलेली एक मादी म्हणजे हजारो पिलं गेली. सॅमनही असाच चढतो. पण अलास्कात किती मासे वर गेले याची मोजणी होते, त्यावर मासेमारी चालू ठेवायची की थांबवायची ते ठरतं आणि माणशी मर्यादा असते. आपल्याकडे सुरुंग किंवा विष वापरून मासे मारायला कायद्यानेच मनाई आहे, चढणीचा मासा सोडून देणं मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून बेत उन्हाळ्याच्या सुट्टीतच ठेवा, आधी संस्थेची परवानगी घ्या आणि मृगाच्या आत गळ गुंडाळा.