दुसऱ्या राज्याच्या पासिंगची स्वस्त गाडी: पुरातून तर आली नाही ना?

दसरा-दिवाळी जवळ आली की मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाढतात. चार वर्षांची गाडी, पहिलाच मालक, जेमतेम चाळीस हजार किलोमीटर पळालेली, आणि किंमत बाजारापेक्षा लाख-सव्वा लाखाने कमी. पासिंग शेजारच्या राज्याचं. विकणारा सांगतो, मालकाची बदली झाली आहे, म्हणून घाईने काढायची आहे. बघायला गेलं तर गाडी चकाचक. नवीन सीट कव्हर, नवी मॅट आणि आत अत्तराचा घमघमाट. हा घमघमाट आला की खिशातलं टोकनचं पाकीट खिशातच ठेवा.

दुसऱ्या राज्याचं पासिंग असण्यात गैर काही नाही. बेळगावच्या कुठल्याही गल्लीत केए, एमएच आणि जीए अशा तिन्ही पाट्यांच्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. अडचण वेगळीच आहे. गाडी ज्या गावात बुडाली, त्या गावात ती विकता येत नाही. तिथल्या मेकॅनिकपासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं की कुठल्या कॉलनीत किती पाणी आलं होतं. म्हणून ती दुसऱ्या जिल्ह्यात, शक्यतो दुसऱ्या राज्यात नेऊन विकली जाते. राज्याची हद्द ओलांडली की गाडीचा इतिहास मागे राहतो आणि पुढे येते फक्त आरसी.

असे पूर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी कोल्हापूर-सांगलीत शिरलं, आणि त्याच दिवसांत इकडे दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभाही पात्राबाहेर होत्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं. हैदराबादेत ऑक्टोबर २०२० मध्ये, तर वडोदऱ्यात ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीच्या पुरात सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत पाण्यात गेल्या. त्या सगळ्याच भंगारात गेल्या असतील असं समजू नका.

बुडालेल्या गाडीचं पुढे काय होतं, ते विम्यावर ठरतं. पॉलिसीत गाडीची एक ठरलेली किंमत असते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो, किंवा सांगाड्याची किंमत वजा करून गाडी मालकाकडेच राहते. काही वेळा आरसी रद्द करून घेतात, काही वेळा सांगाडा आरसीसकट विकला जातो. या दुसऱ्या प्रकारातली गाडी घासूनपुसून पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. कधी कधी याहून वाईट घडतं. चोरीच्या गाडीला टोटल लॉस झालेल्या गाडीचा चेसिस नंबर आणि कागद चढवले जातात. मग गाडी तर जातेच, वर पोलीस स्टेशनचे हेलपाटे घालायची वेळ येते.

गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं असं मोटार वाहन कायद्यात आहे. पण दुरुस्त होऊन पुन्हा धावणारी गाडी 'निकामी' कोण म्हणणार? आपल्याकडच्या आरसीवर 'पुरात बुडालेली' असा शिक्का मारायची पद्धत नाही. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला तर नोंदणीची तारीख, मालक कितवा, कर्जाचा बोजा, विमा कधीपर्यंत, एवढं दिसतं. क्लेम दिसत नाही.

आता पाण्याने गाडीचं नेमकं काय होतं ते बघू, कारण 'वाळवली की झालं' असं सांगणारे खूप भेटतात. पुराचं पाणी म्हणजे नळाचं पाणी नव्हे. त्यात गटार असतं, उसाच्या फडातलं खत असतं, बारीक गाळ असतो. पाणी ओसरतं, पण गाळ राहतो. इंजिनात पाणी शिरलेलं असताना कुणी चावी फिरवली, तर पिस्टन पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. बऱ्याच विमा कंपन्या हे नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं. ते नसलेला मालक खिशातून जमेल तेवढी स्वस्त दुरुस्ती करतो आणि गाडी काढून टाकतो. असं इंजिन सुरू होतं, टेस्ट ड्राईव्हही देतं. महामार्गावर तीन-चार तास पळवल्यावर त्याचं खरं रूप दिसतं.

तरी इंजिन हा त्यातला सोपा भाग, कारण ते उघडून बघता येतं. वायरिंगचं तसं नाही. आजच्या गाडीत कॉम्प्युटर, सेन्सर आणि शेकडो कनेक्टर असतात. पाणी तांब्याच्या तारेला धरून आवरणाच्या आत लांबवर सरकतं आणि हळूहळू हिरवा गंज धरतो. पहिले दोन महिने काही होत नाही. मग एके दिवशी काच खाली जात नाही, पुढच्या आठवड्यात लॉक आपोआप उघडतं, मग गाडी सिग्नलवर बंद पडते. गॅरेजवाला एकेक पार्ट बदलत जातो आणि बिल वाढत जातं. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा पुष्कळ गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, फरशीलगत असतो. गुडघाभर पाणी आत आलं तरी तो बुडतो. खराब झालेली एअरबॅग अपघातात उघडली नाही, हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत पाणी गेलं असेल तर काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही आग लागू शकते. ती तर किती का स्वस्त मिळेना, नको.

मग ओळखायचं कसं? गाडी दिवसाउजेडी बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. धुणारा माणूस बहुधा वरचा भाग धुतो, रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची रेघ तशीच राहते. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा. सीटच्या खाली हात घालून रुळांचे बोल्ट चाचपा. आतल्या बोल्टना गंज यायचं दुसरं फारसं कारण नसतं. मॅटखालचा फोम दाबून बघा, ओलसर किंवा कुबट असेल तर विषय संपला. हेडलाईटच्या आत धुरकट रेघ आहे का ते बघा. इंजिन ऑईलची पट्टी काढल्यावर तेल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो अजिबात लागलाच नाही, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. चिखलाबद्दल एक सांगतो: कोकणात आणि खानापूर पट्ट्यात लाल माती प्रत्येक गाडीला लागते, चाकाच्या कमानीत ती असली म्हणून घाबरू नका. डॅशबोर्डच्या मागे किंवा फ्यूज बॉक्समध्ये माती सापडली तर मात्र ती पाण्याबरोबरच आलेली असते.

हे सगळं केलं तरी चांगला सफाईवाला तुम्हाला चकवू शकतो. म्हणून कागदाकडे या. आमच्या मते सगळ्यात उपयोगी कागद आरसी नव्हे, तर विकणाऱ्याच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसी. क्लेम न घेतलेल्या मालकाला दरवर्षी नो क्लेम बोनस मिळतो, तो २० टक्क्यांवरून २५, ३५, ४५ असा ५० पर्यंत चढतो. मध्येच एका वर्षी तो शून्यावर आलेला दिसला, तर त्याआधीच्या वर्षी क्लेम झाला होता. ते वर्ष आणि आरसीवरचं गाव जुळवून बघा. एमएच ०९ किंवा एमएच १० आणि २०१९ किंवा २०२१, एमएच ०८ आणि २०२१, जीजे ०६ आणि २०२४ असा मेळ बसला तर सरळ विचारा. क्लेम बंपरचाही असू शकतो, पण मग त्याचं बिल असेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे गाडीचा इतिहास असतो. मालकाला सोबत घेऊन जा आणि तो काढून मागा. 'पॉलिसी सापडत नाही', 'सर्व्हिस बाहेर करायचो' अशी उत्तरं आली तर समजायचं ते समजा. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या गाडीचा क्लेमच झालेला नसतो, त्यामुळे तिथे पॉलिसीतून काही कळणार नाही. अशा गाडीला ओळखीच्या मेकॅनिकशिवाय हात लावू नये.

बुडालेली प्रत्येक गाडी टाकाऊ, असंही नाही. चाकाच्या मध्यापर्यंतच पाणी आलं, गाडी सुरू न करता टोईंग करून नेली, सगळ्या दुरुस्तीची बिलं हातात आहेत आणि मालक स्वतःहून सांगतोय, अशी गाडी योग्य किंमतीत घ्यायला हरकत नाही. लपवलेली गाडी घेऊ नये.

स्वस्ताईचा हिशोबही नीट मांडा. दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्याकडे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवी नोंदणी लागते. मूळ आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा कागद, आणि इथला रस्ता कर. कर्नाटकात हा कर भारी पडतो. मूळ राज्याकडून कराचा परतावा मागता येतो, पण अर्ज करून वाट बघत बसावं लागतं. नाव बदललं की १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्या.

एवढं करूनही फसलात तर? विकणारा डीलर असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं, आणि इथे राज्याची हद्द आड येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कोल्हापुरात गाडी घेतलेला बेळगावकर बेळगावच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. गाडीची किंमत ५० लाखांच्या आत असली की जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षं. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला हा रस्ता सहसा मिळत नाही, तिथे दिवाणी दावा किंवा फसवणुकीची फिर्याद. म्हणून विक्रीच्या करारात एक ओळ लिहून घ्या: ही गाडी पुराच्या पाण्यात गेलेली नाही आणि त्यासाठी विम्याचा क्लेम घेतलेला नाही. खाली विकणाऱ्याची सही, तारीख आणि चेसिस नंबर. ओळ लिहायला जो आढेवेढे घेईल, त्याच्याकडून टोकन परत मागून घ्या.