दगड टाकायचाच आहे, तर कोणता?

समुद्रातल्या पवनचक्क्यांचं चित्र पाहताना नजर पात्यांवर खिळते. वीज किनाऱ्याला आणणारी केबल कुणाला दिसत नाही. ती तळाच्या वाळूत पुरलेली असते, कारण जहाजांचे नांगर आणि तळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी यांपासून वाचण्याचा तोच सोपा मार्ग. पण जिथे एक केबल दुसरीला ओलांडते, किंवा वाळूतून वर येऊन पवनचक्कीच्या खांबात शिरते, तिथे पुरणं जमत नाही. शिवाय खांबाला वळसा घालताना प्रवाहाचा जोर वाढतो, तो वाळू उकरून नेतो आणि केबल उघडी पडते. म्हणून अशा जागी फोडलेल्या दगडांचा थर देतात, किंवा दोरांनी गुंफलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची गादी क्रेनने अंथरतात. माझं म्हणणं एवढंच, की टाकावाच लागणारा हा दगड समुद्रातल्या जिवांना राहता येईल असा असावा, आणि ते कंपनीच्या मर्जीवर न सोडता परवान्यातच लिहिलेलं असावं.

याची निकड उत्तर समुद्राइतकी क्वचितच कुठे कळेल. कोकणातल्या कालवांची युरोपीय भावंडं तिथे एके काळी मैलोन्‌मैल पसरली होती. ओल्सेन या नकाशाकाराने 1883 मध्ये छापलेल्या मासेमारीच्या नकाशात त्यांचे विस्तीर्ण पट्टे दाखवलेले आहेत. जाळ्यांनी ते खरवडून नेले, उरलेल्यांवर पुढे रोगही पडला. ते आपणहून परतत नाहीत याचं कारण कालवाच्या पिल्लात आहे. ते काही दिवस पाण्यात पोहतं, मग त्याला कठीण जागा लागते, शक्यतो आपल्याच जातीचा शिंपला. ती सापडली की एका बाजूने ते स्वतःला तिथे पक्कं चिकटवून घेतं आणि जन्मभर हलत नाही. खाली नुसती वाळू असेल तर मरतं. म्हणजे केबलवरचा दगड खडबडीत असणं, त्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी असणं, फटी लहानमोठ्या असणं, यावर कालव रुजेल की नाही आणि कॉड माशाला आडोसा मिळेल की नाही हे ठरतं. नेदरलँड्सने बोर्सेले इथल्या पवनक्षेत्रापासून परवान्यातच अशी अट घातली, की विकासकाने समुद्रातली जीवसृष्टी वाढेल अशा रचनेसाठी प्रयत्न करावेत. तिथल्या पवनक्षेत्रांत तळ खरवडणाऱ्या मासेमारीला बंदी आहे, त्यामुळे रुजलेलं टिकण्याचीही आशा आहे.

यावर अभियंत्यांचा आक्षेप रास्त आहे: केबल तुटली तर दुरुस्तीला आठवडे, कधी महिने जातात, तिथे प्रयोग कशाला? डेन्मार्कच्या एका मोठ्या कंपनीने 2021 मध्ये जाहीर केलं होतं, की केबलवरचं संरक्षक आवरण दगडांवर घासून झिजतं आहे, आणि हा धोका तिच्या 10 पर्यंत पवनक्षेत्रांत असू शकतो. पण ही झीज झाली ती आवरण दगडांवर सरकत राहिल्याने. दगडांत जीव राहण्याचा तिच्याशी संबंध नव्हता. केबल धरून ठेवणारा थर अभियंत्यांच्या हिशोबानेच असावा. जिवांसाठीचे मोठे, पोकळ्या असलेले दगड त्याच्या बाहेरच्या कडेला यावेत आणि वादळी लाटांत ते हलत नाहीत हे आधी तपासलेलं असावं.

दुसरी शंका अशी, की मासे तिथे नुसते गोळा होतात, वाढत नाहीत. बेल्जियमच्या थॉर्नटन बँक या पवनक्षेत्रात संशोधकांनी कॉडच्या पोटातलं अन्न तपासलं, तेव्हा खांबांवर आणि दगडांवरच वाढणारे चिमुकले कवचधारी जीव सापडले. मासे तिथे जेवतात एवढं यावरून नक्की म्हणता येतं. सगळ्या उत्तर समुद्रातला कॉड यामुळे वाढेल असा दावा मी करणार नाही.

मला सर्वांत वजनदार वाटतो तो तिसरा आक्षेप: वाळूही कुणाचं तरी घर आहे. चपटे मासे, वाळूत शिरून राहणारे सँड ईल, असंख्य कृमी यांना दगड नकोच असतो. म्हणून निसर्गाच्या नावाखाली एकही जादा दगड पडू नये. केबल पुरता येते तिथे पुरावीच. आणि पवनक्षेत्राचं आयुष्य संपल्यावर काय काढायचं, काय ठेवायचं हेही परवान्यात आजच यावं. जिवंत कालवांनी धरलेला दगड तिथेच राहू द्यावा, पण काँक्रीटच्या गादीचे प्लास्टिकचे दोर झिजून पाण्यात मिसळण्याआधी उचलून न्यावेत.