कंपनीचा चेहरा आणि चळवळीचा आरसा : भोपाळ आपल्याला काय शिकवते?

१४ एप्रिल जवळ आला की मोठमोठ्या कंपन्यांच्या सोशल मीडियावर निळा रंग चढतो. ८ मार्चला स्त्रीशक्ती, ५ जूनला हिरवी पाने, ६ डिसेंबरला विनम्र अभिवादन. वर्षभराचे वेळापत्रक आधीच तयार असते. ज्यांच्या कारखान्यात कंत्राटी कामगाराला हातमोजेसुद्धा मिळत नाहीत, त्या कंपनीच्या पोस्टरवरही समता झळकू शकते, कारण पोस्टरला कारखान्याच्या आत जावे लागत नाही.

यालाच प्रतिमा उजळणे म्हणतात. हा मोठा धंदा आहे. त्यासाठी जाहिरात संस्था आणि जनसंपर्काचे सल्लागार नेमले जातात, खेळांची प्रायोजकत्वे घेतली जातात. या चकाकीला उत्तर द्यायचे तर आपण बहुतेक वेळा संतापाने देतो. संताप रास्त असतो, पण कंपनीला त्याची सवय झालेली असते. तिला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? कोणीतरी तिच्याच भाषेत, तिच्याच सुटाबुटात उभे राहून तिचेच वाक्य शेवटपर्यंत पूर्ण करेल याची. हे विडंबन काय साधते आणि कुठे कमी पडते, हे समजून घेण्यासाठी आम्ही या लेखात एकच उदाहरण घेत आहोत : भोपाळ.

आधी जाहिरात, मग वायू

१९६० च्या दशकात युनियन कार्बाइड या अमेरिकन कंपनीची एक जाहिरात परदेशी मासिकांत येत असे. चित्रात एक भारतीय शेतकरी बैलांनी जमीन नांगरतो आहे आणि आभाळातून आलेला एक अजस्र हात त्या जमिनीवर लाल रसायन ओततो आहे. नवा भारत घडवायला विज्ञान मदत करते आहे, असा तिचा मथळा होता. आपल्या घराघरांतल्या बॅटरीत जो एव्हरेडीचा सेल असायचा, तोही याच कंपनीच्या भारतीय शाखेचा. म्हणजे नाव ओळखीचे होते आणि चेहरा विश्वासाचा होता.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. गळालेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता. वारा ज्या वस्त्यांवरून गेला त्या जयप्रकाश नगर, काझी कॅम्प अशा गरिबांच्या, हातावर पोट असलेल्यांच्या वस्त्या होत्या. मध्य प्रदेश सरकारचा मृतांचा आकडा ३,७८७. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अंदाजाने पहिल्या काही दिवसांतच ७,००० ते १०,००० माणसे गेली. २००६ मध्ये सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितलेला बाधितांचा आकडा ५,५८,१२५ आहे.

१९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुसंख्य बाधितांच्या हातात आधी २५ हजार रुपये पडले आणि पुढे कित्येक वर्षांनी तेवढेच आणखी. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांना लगेच जामीनही मिळाला. कंपनीचे अमेरिकन प्रमुख वॉरन अँडरसन एकदाही भारतीय न्यायालयात उभे न राहता २०१४ मध्ये वारले.

मालक बदलला, जबाबदारी गेली कुठे?

१९९४ मध्ये युनियन कार्बाइडने भारतीय शाखेतला आपला हिस्सा विकला आणि त्या शाखेचे नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले. २००१ मध्ये खुद्द युनियन कार्बाइड डाऊ केमिकलने विकत घेतली. डाऊची भूमिका तेव्हापासून एकच आहे : कारखाना आम्ही कधी चालवला नाही, तडजोड आधीच झाली आहे, युनियन कार्बाइड ही वेगळी कंपनी आहे.

ऐकायला सरळ वाटते. पण याच युनियन कार्बाइडवर अमेरिकेत ॲस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्यांचे दावे होते. खरेदीनंतर त्यांच्यासाठी सुमारे २.२ अब्ज डॉलरची तरतूद करण्यात आली. अमेरिकेतल्या फुप्फुसांचा हिशेब मालकाबरोबर आला, भोपाळच्या फुप्फुसांचा रस्त्यातच गळून पडला.

आणि नेमके याच काळात चेहरा उजळणे सुरू झाले. २००६ मध्ये डाऊने एक भव्य जाहिरात मोहीम काढली. रसायनशास्त्राच्या आवर्त सारणीत एक मूलद्रव्य कमी आहे, ते म्हणजे माणूस, असा तिचा आशय होता. सुंदर छायाचित्रे, गंभीर आवाज, जगभरचे चेहरे. २०१० मध्ये कंपनी ऑलिम्पिकची जागतिक प्रायोजक झाली. ज्या कंपनीला माणूस मूलद्रव्यासारखा वाटत होता, तिला भोपाळच्या विहिरी आणि हातपंप मात्र दिसत नव्हते.

बीबीसीवरचा 'प्रवक्ता'

३ डिसेंबर २००४, भोपाळला वीस वर्षे पूर्ण झाली तो दिवस. बीबीसी वर्ल्डवर डाऊचे प्रवक्ते म्हणून ज्यूड फिनिस्टेरा नावाचे गृहस्थ आले. त्यांनी शांतपणे सांगितले की भोपाळची संपूर्ण जबाबदारी डाऊ स्वीकारत आहे. युनियन कार्बाइड मोडीत काढली जाईल आणि १२ अब्ज डॉलर बाधितांच्या भरपाईसाठी, उपचारांसाठी व जागेच्या सफाईसाठी दिले जातील.

हे गृहस्थ म्हणजे 'द येस मेन' या अमेरिकन विडंबनकार जोडीतले अँडी बिक्लबॉम. त्यांनी डाऊच्या नावासारखे एक विडंबनात्मक संकेतस्थळ चालवले होते. बीबीसीने ते खरे समजून मुलाखतीची विनंती तिथेच पाठवली. फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात २३ मिनिटांत डाऊचा भाव सुमारे सव्वाचार टक्क्यांनी घसरला, म्हणजे जवळजवळ दोन अब्ज डॉलर. दोनेक तासांत खुलासा झाला. ते आमचे प्रवक्ते नव्हते, आम्ही असे काही म्हटलेले नाही, असे डाऊला जगाला सांगावे लागले. भाव पुन्हा वर आला.

इथे क्षणभर थांबून विचार करू. एका कंपनीने न्याय करण्याचे ठरवले या बातमीने बाजार घाबरला आणि ती न्याय करणार नाही हे कळल्यावर बाजाराला हायसे वाटले. शंभर पानी अहवालाने जे समजावता आले नसते ते त्या दोन तासांत दिसले. दोष एखाद्या अधिकाऱ्याच्या काळजाचा असेल किंवा नसेल, पण नफ्याची रचना अशी आहे की चांगुलपणा तिथे तोटा म्हणून नोंदवला जातो.

२००५ मध्ये याच जोडीने लंडनच्या एका बँकिंग परिषदेत डाऊचे प्रतिनिधी बनून सोनेरी रंगाचा मानवी सांगाडा मांडला. किती मृत्यू परवडतात हे मोजणारे एक गणकयंत्रही दाखवले. ज्यात फायदा मोठा ते मृत्यू सोन्याचे, असा त्याचा हिशेब. येस मेन सांगतात की सभागृहातून कोणी उठून गेले नाही, उलट काहींनी त्यात रस दाखवला. २००९ मध्ये त्यांनी भोपाळच्या हातपंपाच्या पाण्याच्या नावाने देखणी बाटली तयार केली. तिचे नाव असे ठेवले की उच्चार भोपाळसारखा आणि दिसायला फ्रेंच. ती घेऊन ते लंडनजवळच्या डाऊच्या कार्यालयापाशी गेले.

कंपनीला हे सारे निव्वळ थट्टा वाटले असते तर तिने हसून सोडून दिले असते. पण फेब्रुवारी २०१२ मध्ये विकिलीक्सने स्ट्रॅटफॉर या खासगी हेरगिरी संस्थेचे ईमेल बाहेर काढले. डाऊसाठी ही संस्था भोपाळच्या कार्यकर्त्यांच्या आणि येस मेनच्या हालचालींवर नजर ठेवत होती, हे त्यातून उघड झाले.

भोपाळच्या बायकांचा झाडू

विडंबन म्हणजे टीव्हीवर जाणाऱ्या परदेशी कलाकारांचे काम, असे कोणी समजू नये. भोपाळच्या बायकांनी ते आधीच सुरू केले होते.

रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला, एक मुस्लिम आणि एक हिंदू. दोघी वायूपीडित, दोघी स्टेशनरी बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगार आणि तिथल्या संघटनेच्या पुढारी. त्यांनी मोहीम काढली, 'झाडू मारो डाव को'. गावोगावचे झाडू गोळा करून ते डाऊच्या कार्यालयांत पोचवायचे. सांगणे एकच, तुमचा कचरा तुम्ही साफ करा. डिसेंबर २००२ मध्ये सुमारे दोनशे बायका झाडू आणि भोपाळची दूषित माती व पाणी घेऊन मुंबईत डाऊच्या कार्यालयावर धडकल्या. कंपनीने काय केले? कामाचे नुकसान झाले म्हणून आंदोलकांवरच सुमारे पाच लाख रुपयांच्या भरपाईचा दावा ठोकला. विडंबन पूर्ण करायला कंपनी स्वतःच धावून आली!

आपल्या वाचकांना झाडूचा अर्थ वेगळा सांगायला नको. या देशात झाडू पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या हातात दिला गेला आणि घाण करणारे कोण होते, हे आपण जाणतो. भोपाळच्या बायकांनी तो झाडू उलटा फिरवला. ज्याने घाण केली त्याच्या टेबलावर ठेवला. २००४ मध्ये या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला आणि वायूपीडितांच्या अपंग मुलांवर उपचार सुरू केले. लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन होण्याच्या आदल्या दिवशी, जुलै २०१२ मध्ये, अशाच मुलांचे 'भोपाळ ऑलिम्पिक' कारखान्याच्या सावलीत भरले. ज्यांना नीट चालताही येत नाही ती मुले मैदानात उतरली. प्रायोजकावर याहून धारदार टीका आम्ही वाचलेली नाही.

महाराष्ट्राचाही या कथेशी संबंध आहे. चाकणजवळच्या शिंदे-वासुली गावात डाऊला संशोधन केंद्र उभारायचे होते. २००८ मध्ये गावकरी आणि बंडातात्या कराडकर यांच्यासोबतचे वारकरी विरोधात उभे राहिले. विरोध इतका वाढला की ते केंद्र तिथे झाले नाही.

विडंबन आणि खोटी बातमी यांत फरक काय?

बीबीसीच्या प्रसंगावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. त्या दोन तासांत भोपाळमध्येही लोकांनी ती बातमी ऐकली. वीस वर्षे वाट पाहणाऱ्यांच्या आशेशी खेळ झाला. येस मेनच्या २००९ च्या चित्रपटात हे दोघे स्वतः भोपाळला जाऊन लोकांना याबद्दल विचारतात. वाईट वाटले, पण जगाचे लक्ष पुन्हा इकडे वळले, असे त्यांना तिथे ऐकायला मिळते. तरीही हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारावा. ज्यांच्यासाठी आपण बोलतो, त्यांनाच आपला बाण लागत नाही ना?

व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी आपल्या वस्त्यांचे किती नुकसान केले आहे, हे माहीत असताना आपण तीन गोष्टी कटाक्षाने पाळायला हव्यात. विडंबन विडंबन म्हणून ओळखू आले पाहिजे, किंवा लगेच उघड केले पाहिजे. अफवा कधीच स्वतःची ओळख देत नाही. विडंबनाचे लक्ष्य बलवान असले पाहिजे, पीडित नव्हे. आणि त्यातील प्रत्येक आकडा कागदावर सिद्ध करता आला पाहिजे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली आजही फौजदारी गुन्हा आहे, आणि कंपनीचे वकील पगारी असतात.

आपल्या जिल्ह्यात काय करता येईल?

सुरुवात कागदापासून करावी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. म्हणजे शाळेला दिलेले बाक आणि वस्तीतली पाण्याची टाकी हे कायद्याने लावलेले कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. खर्च दोन टक्के आणि फलक शंभर टक्के, हे गणित पकडले की अर्धे विडंबन तयार झाले. कोणावर, कुठे, किती खर्च केला याचा तपशील कंपनीच्या वार्षिक अहवालात असतो. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण आणि कामगारांविषयीची माहिती वेगळ्या अहवालात द्यावी लागते. कारखान्याला कोणत्या अटींवर संमती दिली आहे, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात मागता येते. पर्यावरणाबद्दल फसवे दावे करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. तिथे तक्रारही करता येते.

मग जाहिरातीचे वाक्य घ्या आणि कागदातल्या वाक्याशेजारी ठेवा. डाव्या बाजूला कंपनीचे पोस्टर, उजव्या बाजूला तिच्याच अहवालातला आकडा. पथनाट्य करा, व्यंगचित्र काढा, जलशाच्या परंपरेतले गाणे बांधा. आपल्या जलसाकारांनी सावकार आणि पुरोहित यांची सोंगे गावाच्या चावडीपुढे उभी केली, तेव्हा त्यांच्याजवळ ना पैसा होता ना छापखाना.

विडंबनाने भरपाई मिळत नाही, हेही लक्षात ठेवू. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये हलवला गेला, तोही पिथमपूरच्या लोकांचा विरोध डावलून. जमिनीत मुरलेले विष अजून तिथेच आहे. न्यायासाठी संघटना लागते, वकील लागतात, मोर्चे लागतात आणि रशीदा बी, चंपादेवींसारखा दशकांचा धीर लागतो. विडंबनाचे काम त्याआधीचे आहे. मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक लोकांना दिसला की फलकाखाली उभे राहून टाळ्या वाजवणारे हात कमी होतात.

पुढच्या १४ एप्रिलला तुमच्या वस्तीत एखादी कंपनी निळा फलक घेऊन आली, तर तिचे स्वागत जरूर करा. आणि फलकाखालीच तिला विचारा : तुमच्या कारखान्यात सफाईचे काम कोण करते, त्याला पगार किती मिळतो आणि त्याच्या हातात मोजे आहेत का?