रस्ता होताना काय मोजायचं?

२०२८ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी उज्जैनभोवती रस्ते रुंद होत आहेत, शहर पसरतं आहे. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या नगर प्रकल्पाला काम सुरू करण्याआधीच पर्यावरण मंजुरी लागते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो.

धूळ मोजण्याची रीत साधी आहे. कोरा फिल्टर कागद तोलायचा, यंत्रात बसवून त्यातून हवा ओढायची आणि काळवंडलेला कागद पुन्हा तोलायचा. वजनातला फरक म्हणजे त्या हवेतली धूळ. पीएम १० म्हणजे बारीक धूळकणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, तर त्याहून बारीक पीएम २.५ ची ६०. आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५.

पण उज्जैनची खरी कसोटी क्षिप्रा नदीत आहे. इंदूरचं सांडपाणी आणणारी कान्ह नदी त्रिवेणीपाशी तिला मिळते. त्यात भर मातीची: माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खोदून उघडी टाकली की पहिल्याच सरीला ओघळून नाल्यातून नदीत उतरते. म्हणून पाण्याचे नमुने कामाच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांना घेतले पाहिजेत, तेही पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात. स्नानाच्या पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ लागतो. क्षिप्रेच्या रामघाटावर बुडी मारणाऱ्याला हे आकडे घाटावरच्या फलकावर वाचायला मिळायला हवेत.