विशेषणास काळ असतो काय?

'जुना पूल, जुनी गाडी, जुने पुस्तक' ही उदाहरणे फळ्यावर लिहून, 'विकारी विशेषण नामाच्या लिंगवचनांप्रमाणे बदलते' हा नियम आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पन्नाशी उलटल्यावर जपानी भाषेचा अभ्यास आरंभिला, तेव्हा विशेषण निराळ्याच कारणाने बदलू शकते, हे ध्यानी आले.

जपानीत जुन्यास 'फुरुइ' म्हणतात. पूल, गाडी, पुस्तक, कोणत्याही नामापूर्वी तो 'फुरुइ'च राहतो. तेथील नामांना व्याकरणातील लिंगच नाही. परंतु काळ व नकार ह्यांसाठी तो बदलतो. 'हाशि वा फुरुइ' म्हणजे 'पूल जुना आहे'. 'आहे' हा अर्थ विशेषणातच आला. शेवटचा 'इ' काढून 'कात्ता' जोडला की 'फुरुकात्ता', म्हणजे जुना होता. 'कुनाइ' जोडला की 'फुरुकुनाइ', म्हणजे जुना नाही. आणि 'फुरुकुनाकात्ता' म्हणजे जुना नव्हता. 'कात्ता' ह्या प्रत्ययात 'कु' आणि 'आत्ता' (होता) ह्यांचा संयोग दडलेला आहे. म्हणून 'होता' पुन्हा बाहेरून जोडावयाचा नसतो. आदरार्थ 'देसु' तेवढा पुढे येतो: 'फुरुकात्ता देसु'.

विशेषणांचा दुसरा वर्ग स्वतः बदलत नाही. त्यास नामापूर्वी 'ना' लागतो आणि भूतकाळ 'दात्ता' किंवा आदरार्थी 'देशिता' दाखवितो. ह्यांत चिनी भाषेतून आलेले शब्द पुष्कळ आहेत. आपल्याकडे 'सुंदर', 'प्रसिद्ध' हे तत्सम शब्द अविकारी राहतात, तसेच हे. 'किरेइ' (सुंदर) हा त्यांतलाच. त्याचा 'इ' प्रत्यय नव्हे, शब्दाचाच अंश होय. म्हणून 'किरेइ दात्ता' म्हणावयाचे, 'किरेकात्ता' नव्हे.

एवढे वाचूनही आम्ही वहीत 'फुरुइ देशिता' असे लिहिले. विशेषण एकीकडे, 'होता' दुसरीकडे, ही मराठीची घडण हातून सुटली नाही. शिक्षकाची तांबडी रेघ पाहून आमच्या वर्गातील कन्नड घरची मुले आठवली. कन्नडात 'हळे गाडी', 'हळे पुस्तक' असे एकच रूप चालते. ती मुले 'जुना गाडी' लिहीत आणि आम्ही त्यास निष्काळजीपणा म्हणून गुण कापीत असू. वस्तुतः ती आपल्या मातृभाषेचा नियम निष्ठेने पाळीत होती.

चूक सुधारलीच पाहिजे. परंतु तांबडी रेघ ओढण्यापूर्वी ती कोणत्या भाषेच्या नियमातून आली, हे शिक्षकाने एकदा पाहावे, असे आम्हांस आता वाटते.