खनिजवाहू नौकेची ओळख

डिचोलीच्या खाणींतील लोहखनिज मुरगाव बंदरी जाते ते मांडवीच्या वाटेने. सारमानस, आमोणे येथील धक्क्यांवर ते बार्जेत भरले जाते. पावसाळ्यात आग्वादजवळ नदीचे मुख खवळले, की बार्जींना कुंभारजुवे कालव्यातून झुवारीत उतरावे लागते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ही वर्दळही थांबली होती. २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले.

काठावरून पाहणारास भरलेली बार्ज पुष्कळदा अर्धी रिकामी भासते. याचे कारण खनिजाचे जडपण. एक घनमीटर पाणी भरते एक टन, तर तेवढेच लोहखनिज दोन टनांहून अधिक. कोठार भरण्यापूर्वीच वजनाची मर्यादा गाठली जाते. म्हणूनच नौकेची मापे दोन असतात. ग्रॉस टनेज हे, नावात टन असले तरी, वजन नव्हे. ते बंदिस्त जागेचे माप होय. डेडवेट म्हणजे माल, इंधन, पाणी व माणसे मिळून तिला पेलवणारे वजन. ही मर्यादा नौकेच्या कुशीवर रेघांनी रंगविलेली असते. गोड्या पाण्याची रेघ खाऱ्या पाण्याच्या रेघेहून वर असते. कारण समुद्राचे पाणी जड, ते नौकेस अधिक उचलून धरते.

समुद्रगामी जहाजाचा माग आता रेडिओयंत्राने लागतो. पेडण्याच्या तेरेखोल किल्ल्यावरून रेडी बंदराकडे जाणारे जहाज दिसले, तर त्याचे नाव, वेग, दिशा आणि सात आकडी क्रमांक हातातील फोनवरही वाचता येतो. नाव, मालक वा निशाण बदलले तरी तो क्रमांक जन्मभर तोच राहतो. परंतु जहाज पाण्यात किती खोल आहे, हा आकडा खलाशी स्वहस्ते भरतो. तो जुना वा चुकीचा असू शकतो.

आणि मालातील ओल तर यंत्र सांगतच नाही. २००९ च्या पावसाळ्यात ‘एशियन फॉरेस्ट’ मंगळूरजवळ आणि ‘ब्लॅक रोज’ पारादीपजवळ बुडाले. दोन्हींत लोहखनिजाचे चूर्ण होते. असे भिजलेले चूर्ण हेलकाव्यांनी चिखलासारखे वाहू लागते, एका कुशीस सरकते आणि जहाज कलते. मालाची ओल तपासून मगच तो चढवावा, हा आंतरराष्ट्रीय नियम २०११ पासून बंधनकारक आहे. जहाज कोठे आहे हे यंत्र सांगेल. ते सुखरूप पोहोचेल की नाही, हे मात्र धक्क्यावरील तपासणीवरच अवलंबून राहते.