सही कुणाची, रुग्ण कुणाचा

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठात, १९५०च्या दशकाच्या अखेरीस दोघांनी मिळून एक अभ्यासक्रम उभा केला. थेल्मा इंगल्स या परिचारिकांच्या शिक्षिका आणि डॉ. युजीन स्टेड हे मेडिसिन विभागाचे प्रमुख. अनुभवी परिचारिकांनी डॉक्टरांसोबत वॉर्डात शिकावं, रुग्णाची हकिकत घ्यावी, त्याला तपासावं, आजाराचा स्वतः विचार करावा आणि या शिक्षणाची त्यांना पदव्युत्तर पदवी मिळावी, अशी त्यांची कल्पना होती. पण परिचर्या-शिक्षणाला मान्यता देणाऱ्या नॅशनल लीग फॉर नर्सिंगने ती नाकारली. शिकवण्यात डॉक्टरांचा हात फार आहे आणि डॉक्टरांची कामं परिचारिकांच्या गळ्यात पडत आहेत, हा लीगचा आक्षेप होता.

या नकाराला कोतेपणा म्हणणं मला मान्य नाही. डॉक्टरांच्या हुकुमाखाली पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या पेशाला स्वतःचं शिक्षण स्वतःच्या ताब्यात हवं होतं, आणि ते रास्तच होतं. मात्र त्या नकाराची किंमत मोठी ठरली. स्टेड यांनी परिचारिकांची वाट सोडली. १९६५मध्ये त्यांनी नौदलातले चार माजी कोअरमन निवडले. सैनिकांच्या जखमा शिवलेले, शुश्रूषा केलेले हे तरुण. नागरी जीवनात त्यांच्या या कौशल्याला विचारणारं कुणी नव्हतं. दोन वर्षांच्या शिक्षणानंतर, १९६७च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांच्यापैकी तिघे पदवीधर झाले. ते पहिले फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए.

त्याच १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी, घडवायला सुरुवात केली. फोर्ड खेड्यापाड्यांत हिंडलेल्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका. डॉक्टर नसलेल्या गावात लेकरांची तपासणी, लसीकरण, आयांना सल्ला ही कामं परिचारिका करतच होत्या. त्यांना त्यासाठीचं ज्ञान आणि अधिकार द्यावा, इतकंच फोर्ड यांचं म्हणणं होतं. त्यांना सर्वांत कडवा विरोध झाला तो परिचर्येच्याच प्राध्यापकांकडून. तुम्ही छोटे डॉक्टर बनवता आहात, असं त्यांना ऐकवलं गेलं. फोर्ड डगमगल्या नाहीत. पुढे त्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. २०२५च्या जानेवारीत, १०४ वर्षांच्या असताना, त्यांचं निधन झालं.

दोन पेशांतली तेढ समजून घ्यायची तर १९७० सालाकडे पाहावं लागतं. त्या सुमारास अमेरिकन मेडिकल असोसिएशनने परिचारिकांनाच मोठ्या संख्येने पीए बनवण्याचा बेत जाहीर केला. अमेरिकन नर्सेस असोसिएशनला साधं विचारलंही नव्हतं. परिचारिका संतापल्या, आणि त्या रागात पीए हा डॉक्टरांचा माणूस आहे, हा समज घट्ट बसला. वास्तविक त्याच वर्षी ड्यूकमधून पीए होऊन बाहेर पडलेली पहिली स्त्री, जॉयस निकोल्स, ही एक परवानाधारक परिचारिकाच होती. आणि एनपीचा पेशा फोर्ड यांच्यासोबत उभा करणाऱ्या सिल्व्हर यांनी कोलोरॅडोतच मुलांसाठीच्या पीएंचाही अभ्यासक्रम सुरू केला होता. संघटना भांडत होत्या तेव्हाही माणसं इकडून तिकडे ये-जा करत होती.

सरकारने मात्र दोघांना एकाच वाक्यात बसवलं. डिसेंबर १९७७मध्ये ग्रामीण दवाखान्यांचा कायदा झाला. अशा दवाखान्यात पीए किंवा एनपी असलाच पाहिजे आणि त्याच्या सेवेचे पैसे मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना देईल, असं त्यात ठरलं. १९९७च्या कायद्याने ग्रामीण-शहरी हा भेदही काढला आणि दोघांनाही डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के मोबदला ठरवला. मोबदला सारखा, काम बरंचसं सारखं, पण परवाना वेगवेगळा. खरी चुरस इथून सुरू होते, असं मला वाटतं.

एनपींनी राज्याराज्यांत लढून स्वतंत्र व्यवसायाचा हक्क मिळवला. आज निम्म्याहून अधिक राज्यांत त्यांना डॉक्टरांशी लेखी करार न करता तपासणी, निदान, औषधयोजना करता येते. पीएंचं नातं डॉक्टरांच्या देखरेखीशी बांधलेलं राहिलं. सुरुवातीला याच नात्यामुळे डॉक्टरांनी त्यांना विश्वासाने जवळ केलं होतं. आता तेच आड येऊ लागलं. दवाखाना चालवणारा हिशेब करतो की पीए नेमला तर करार, सह्या, देखरेखीचे कागद. एनपी नेमली तर यातलं काही नाही. गुणवत्ता बाजूलाच राहते आणि नोकरी कागदावर ठरते. पीए संघटनेने २०१७मध्ये हे बंधन सैल करण्याचं धोरण स्वीकारलं. नॉर्थ डकोटासारख्या राज्यांनी कायदा बदलला. मेडिकेअरचे पैसे थेट स्वतःच्या नावावर घेण्याची मुभा पीएंना २०२२मध्ये मिळाली. एनपींना ती आधीपासून होती. ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ हे नाव घेण्याचा ठराव २०२१चा.

एकमेकांच्या शिक्षणावरून होणारे वारही झोंबणारे असतात. पीए सांगतात, आम्ही वैद्यकाच्या धर्तीवर सुमारे दोन हजार तास रुग्णांत घालवतो. एनपीची किमान अट वर्षानुवर्षं पाचशे तासांची होती, २०२२च्या मानकांत ती ७५० झाली. एनपी उत्तर देतात, शाळेत येण्यापूर्वी आमच्या अनेक जणींनी खाटेशेजारी कित्येक वर्षं काढलेली असतात, ते तास कुणी मोजत नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. घडणच वेगळी आहे. एनपी आधीच आपलं क्षेत्र निवडते: बालकं, कुटुंब, मानसोपचार. पीए सर्वसाधारण शिकतो आणि अस्थिरोग सोडून तातडीच्या विभागात जायचं म्हटलं तर त्याला नवी पदवी घ्यावी लागत नाही. डॉक्टरांच्या संघटना मात्र अधिकारवाढीला विरोध करताना दोघांना एकाच रांगेत उभं करतात.

आणि काम? अनेक रुग्णालयांत दोघं एकाच ड्युटी-तक्त्यावर असतात. रात्रपाळीत टाके कसे घालायचे हे शस्त्रक्रियेत मुरलेला पीए नव्या एनपीला दाखवतो. घरी जाणाऱ्या मधुमेही रुग्णाला काय समजलं आणि काय नाही, हे एनपीकडून पीए शिकतो. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाने तर दोघांना एकाच कार्यक्रमात शिकवलं. आदर तिथे जन्मतो, जिथे रुग्ण दोघांचा असतो. चुरशीचाही उपयोग झाला आहे: एका पेशाला कायद्यात जे मिळालं, ते दुसऱ्याच्या मागणीचं माप बनलं, आणि डॉक्टर नसलेल्या गावांना तपासणारं माणूस मिळालं.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२मध्ये भारतातला पहिला पीए अभ्यासक्रम सुरू केला. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने फिजिशियन असोसिएटला यादीत जागा दिली. परिचारिकांसाठी २०२३मध्ये वेगळ्या आयोगाचा कायदा झाला. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रमही आपल्याकडे आहे. महाराष्ट्रातल्या आरोग्य उपकेंद्रांत तर समुदाय आरोग्य अधिकारी या एकाच पदावर कुठे बीएएमएस डॉक्टर आहे, कुठे बीएस्सी नर्सिंग झालेली परिचारिका. या सगळ्यांच्या अधिकारांच्या सीमा अजून आखल्या जायच्या आहेत. त्या आखणाऱ्यांनी परिचारिकांच्या प्रतिनिधींना पहिल्याच बैठकीला बोलवावं, मसुदा छापून झाल्यावर नव्हे.